काचेचं वाळवण

कुरडया राखायला बसवलेल्या माणसाने कुरडयांकडे बघावं, एवढीच केशरआत्याची अपेक्षा होती. पण राजनंदिनी बघत होती शेजारच्या गच्चीकडे.

तिथे एक तरुण जुन्या चादरीवर चांदीचा कागद अंथरून त्यावर काहीतरी मांडत होता. एकेक गोल वस्तू उचलायची, मऊ फडक्याने पुसायची, आभाळाकडे धरून तिच्यातून बघायचं, स्वतःशीच मान हलवायची आणि मग अलगद उन्हात ठेवायची. आत्यानेसुद्धा सकाळी कुरडया इतक्या जपून घातल्या नव्हत्या. केडगावच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून आहेत. दोन गच्च्यांच्या मधे फक्त कमरेएवढा कठडा. राजनंदिनीने थोडा वेळ धीर धरला, मग तिला राहवेना.

“हे कशाचं वाळवण?”

त्याने मान वर केली. उन्हामुळे डोळे बारीक झाले होते, त्यामुळे तो हसतोय की वैतागलाय ते कळेना.

“काचेचं.”

“तळून खाता?”

“न्हाई,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “ह्यातनं बघतो. तुमच्या कुरडईतनंबी दिसत आसंल, पन जरा जाळीदार.”

ती हसली. मनापासून हसली, आणि तेवढ्यात एका कावळ्याने संधी साधली. जिन्यातून आत्याचा आवाज आला.

“आगं नंदे, राखायला बसवलं का गप्पा हानायला? कावळा निम्मं वाळवान घिऊन गेला.”

तो तरुण खाली मान घालून फडकं झटकू लागला. त्याचे कान मात्र लाल झालेले तिला दिसले. दूरचं टिपायची तिच्या डोळ्यांना सवयच होती.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. आत्याही सहज सांगितल्यासारखं सांगत होती, पण भाकरी थापता थापता तिने एकदा भाचीकडे नीट बघून घेतलं.

“त्यो व्हय? गोरक्ष. गुनाचं पोरगं हाय. खालच्या खोलीत दुकान हाय त्याचं, जुन्या क्यामेऱ्याच्या काचा नीट करून इकतो. बाप म्हनतोय, चल सुप्याला कंपनीत लावतो. ह्यो म्हनतो, डोळा हाय तवर हेच करीन.”

राजनंदिनी श्रीगोंद्याची. साखरपुडे, डोहाळजेवणं, बारशी... तालुक्यात कुणाला फोटो काढायला मुलगी हवी असली की तिलाच बोलावणं यायचं. नुकताच तिने मिररलेस कॅमेरा घेतला होता. कॅमेरा भलताच हुशार निघाला. चेहरा दिसला की स्वतःच फोकस पकडायचा, एक फोटो म्हणून हलायचा नाही. आणि तरी तिला आपलेच फोटो आवडेनासे झाले होते. नवरीच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा त्यात घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं लख्ख यायचं. आजकाल नव्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स लावतात हे तिने मोबाईलवर बघितलं होतं. ती मिळते कुठे, हे माहीत नव्हतं. आणि मिळाली ती कुठे, तर आत्याच्या कठड्यापलीकडे.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा घेऊन खाली दुकानात गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काचेच्या कपाटात लेन्स ओळीने बसलेल्या, टेबलावर बारीक स्क्रू-ड्रायव्हर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून हातातल्या लेन्सची रिंग फिरवत बसलेले.

“हे नियाजचाचा,” गोरक्ष म्हणाला. “माझे वस्ताद. शहरात यांचं दुकान हुतं, आख्ख्या जिल्ह्याचे क्यामेरे यांच्याकडं यायचे.”

“आता फक्त बोटांनी बघतो, बेटी,” चाचा हसले. “ही रिंग कोरडी झालीय. गोरक्ष, हिला ग्रीस बदलून दे.”

गोरक्षने राजनंदिनीकडे वळून विचारलं, “चेहरे काढता का देखावे?”

“चेहरे.”

त्याने कपाटातून एक लांबट काळी लेन्स काढली. वयाने ती दोघांपेक्षाही मोठी होती. “ही एकशे पस्तीस एमएमची, चेहऱ्याला चांगली. पाथर्डीला एक स्टुडिओ बंद पडला, त्याच्या कपाटात हुती. आत बुरशी धरलेली, ती काढली. पिवळी पडलेली, म्हनून उन्हात ठिवली. जुन्या काचंचं आसं हाय, काही काही कपाटात ऱ्हाऊन पिवळ्या पडतात, उन्हात धरल्या की निवळतात. आता हिला आपोआप काही येत न्हाई बरं का. रिंग तुमालाच फिरवावी लागंल.”

“म्हणजे सगळं काम मीच करायचं? मग हिचा उपयोग काय?”

“ती घाई करत न्हाई,” तो म्हणाला. “आनि तुमालाबी करू देत न्हाई.”

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधे बसते ती धातूची चकती त्याने जोडून दिली, आणि दोघं गच्चीवर गेले. म्हणजे ती आत्याच्या गच्चीवर, तो त्याच्या. त्याने तिला सांगितलं, माझ्याकडे धरा, डोळ्यांवर फोकस करा. तिने धरलं. आधी सगळं धुक्यात. मग रिंग फिरता फिरता त्या धुक्यातून एक कपाळ वर आलं, भुवया आल्या, मग डोळे... आणि ते पुन्हा विरघळले.

त्याने हात वर केला आणि दोन बोटं हवेत जराशी फिरवली. थोडं डावीकडं.

तिने फिरवलं. त्याच्या पापणीचा केस न् केस वेगळा झाला. त्याच्या मागचं सगळं केडगाव, टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं मऊ होऊन मागे सरलं, आणि तो एकटाच पुढे राहिला. राजनंदिनी बटण दाबायचं विसरून गेली.

“आलं का?” त्याने विचारलं.

“आलं,” ती म्हणाली. मग कुठे तिने बटण दाबलं.

लेन्स घेऊन ती श्रीगोंद्याला गेली, आणि आठवड्यातच परत आली. यावेळी तक्रार खरी होती. जवळचे चेहरे सुरेख येत होते, पण दूरचं काही म्हणता काही स्वच्छ येत नव्हतं. रिंग शेवटपर्यंत नेली तरी शेताच्या कडेची झाडं धूसरच राहायची. गोरक्षने ऐकून घेतलं, कॅमेरा हातात घेतला आणि तिला त्याच्या गच्चीवर घेऊन गेला. तो प्रत्येक लेन्स एकाच गोष्टीवर तपासायचा. शहरापलीकडच्या डोंगरावरचा चांदबीबीचा महाल. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून तो बोटाएवढा दिसतो. त्याचं म्हणणं, कमानी एकमेकींपासून सुट्या दिसल्या तर लेन्स पास, चिकटल्या तर नापास.

“चिकटल्यात,” तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते चित्र मोठं करून बघत म्हणाला. “बरोबर हाय तुमचं. चकती केसभर जाड हाय. लेन्स पुढं ऱ्हाती, म्हनून लांबचं गाठत न्हाई.”

खाली येऊन त्याने चकतीची कड बारीक पॉलिश-कागदावर घासली. घासायची, बसवायची, जिना चढायचा, बघायचं, पुन्हा खाली. तीही प्रत्येक खेपेला त्याच्याबरोबर जिना चढत-उतरत होती. काही गरज नव्हती, पण चढत होती. शेवटी त्याने कॅमेरा तिच्याकडे दिला. महालाच्या कमानी सुट्या झाल्या होत्या. एकेकीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

“गिऱ्हाइकाला सहसा हे कळत न्हाई,” तो म्हणाला. “लोक म्हनतात, जुनी हाय, चालायचंच. तुमचा डोळा लई चांगला हाय.”

आयुष्यात तिला सुंदर म्हणणारे बरेच भेटले होते. साखरपुड्यात तर नवऱ्यामुलाचे मित्र तेवढ्यासाठीच येतात. पण डोळा चांगला हाय... हे कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आत्याकडे चहा झाला, मग दुकानात पुन्हा चहा झाला. चहा पिता पिता त्याने नियाजचाचांची गोष्ट सांगितली. चाचा तेव्हा घरी गेले होते.

“चाचांचा एक नियम हुता. गिऱ्हाइकाला दोष दिसतो आनि आपल्याला दिसत न्हाई, आसं परत परत झालं, की त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठिवायचा. लोकांच्या जिनसा बिघडवत बसायचं न्हाई. चाचांचं तसंच झालं. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, चाचांना दिसंना. दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं. पुढं डॉक्टर म्हनले, डोळ्याचा पडदा खराब झालाय.”

“मग तुम्हीही तसंच करणार?”

“माझाबी नियम तोच. त्यांच्याकडनंच शिकलो ना.”

हे तो सांगत होता आणि ती ऐकत होती. म्हणजे कानांनी ऐकत होती. लक्ष सगळं त्याच्या बोटांकडे होतं, कप धरायच्या त्याच्या पद्धतीकडे होतं. पुढे कितीतरी वेळा तिला वाटलं, त्या संध्याकाळी आपण बोटांकडे कमी आणि बोलण्याकडे जास्त लक्ष दिलं असतं तर...

पण प्रेमात पडलेल्या माणसाला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं.

त्यानंतर पंचाईत अशी झाली की लेन्स चांगली चालू लागली. इतकी चांगली, की केडगावला जायला काही कारणच उरेना. आत्याचं वाळवणही संपलं. राजनंदिनी श्रीगोंद्यात बसून लेन्सकडे रागाने बघायची. शेवटी तिने एके दिवशी उसाच्या फडाचा एक फोटो मुद्दाम रिंग थोडी अलीकडे ठेवून काढला, आणि गोरक्षला मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, लांबचं पुन्हा धूसर येतंय.

लगेच उत्तर आलं. ‘घेऊन या. बघू.’

खोटं बोलायचा तिला सराव नव्हता. एसटीत बसल्यावर तिने ती तक्रार दोनदा मनाशी घोकली. पण गच्चीवर पोहोचल्यावर सगळं सोपं झालं. तो महालाकडे बघत होता, ती त्याच्याकडे.

“मला तर बरोबर दिसतंय,” तो म्हणाला.

“नीट बघा,” ती म्हणाली. “डावीकडची कमान.”

“डावीकडची...” त्याने पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिच्याकडे वळून जरासा हसला. “ठिवून जा. उघडून बघतो.”

त्या हसण्याचा तिने आपल्याला हवा तसा अर्थ लावला. त्याला कळलंय. त्याला सगळं कळलंय आणि तोही खेळतोय. लेन्स ठेवून घेणं म्हणजे तिला परत यायला लावणं, दुसरं काय? घरी जाताना तिने एसटीच्या काचेत स्वतःचं हसणं बघितलं.

मग तो खेळच झाला, निदान तिच्या बाजूने. ती लेन्स परत आणायला जायची, घरी न्यायची, आणि काही दिवसांनी पुन्हा काहीतरी काढायची. कधी लांबचं धूसर, कधी कड मऊ, कधी उगाचच “काहीतरी चुकतंय, सांगता येत नाही”. तो प्रत्येक वेळी ‘घेऊन या’ म्हणायचा. गच्चीवर दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे. वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या मनगटावर जायची आणि तो ती हलक्या हाताने बाजूला करायचा, काच पुसतात तसा.

“तुम्हाला कंटाळा नाही येत माझ्या तक्रारींचा?” तिने एकदा विचारलं.

“तुमच्या तक्रारीचा?” तो महालावरची नजर न काढता म्हणाला. “दुसऱ्या कुनाची आसती तर आला आसता.”

“माझी म्हणून नाही येत?”

“न्हाई.”

एवढं एक ‘न्हाई’ तिला पुढचे कितीतरी दिवस पुरलं. तो अलीकडे गप्प झालाय, डोळे चोळतो, दुकानातला दिवा बदलून जास्त उजेडाचा लावलाय, हे तिला दिसलं होतं. त्याच्या खिशात एका डोळ्यांच्या दवाखान्याची पावती दिसली तेव्हा तिने विचारलंही. तो म्हणाला, “सहज गेल्तो.” आणि ती, चांगल्या डोळ्यांची, त्यावर समाधान मानून मोकळी झाली.

मग लग्नसराई आली. महिनाभर राजनंदिनीला श्वास घ्यायला वेळ नव्हता. पण प्रत्येक मांडवात, प्रत्येक नवरीच्या डोळ्यांवर रिंग फिरवताना तिने मनाशी एकच ठरवलं. आता पुरे. आता तक्रार नाही करायची, सरळ सांगायचं. लेन्समध्ये काही दोष नव्हता, मला तुम्हाला भेटायचं होतं. तो हसेल, म्हणेल, ठाऊक हाय. पुढचं तिने एवढ्या वेळा मनात रंगवलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

लग्नाच्या तारखा संपल्या आणि ती निघाली. पाऊस नुकताच येऊन गेला होता, केडगावच्या गल्लीत डबकी साचली होती. आत्याच्या घराकडे न वळता ती थेट दुकानात गेली.

काचेचं कपाट रिकामं होतं. टेबल भिंतीला लावलेलं. गोरक्ष जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रात रिकामे डबे गुंडाळत होता. तिला बघून तो उठला, हात पुसले, आणि तिला बसायला खुर्ची पुढे केली. चाचांची खुर्ची.

“हे काय?”

“बंद केलं,” तो म्हणाला. “लेन्सा पुन्याच्या एका व्यापाऱ्याला दिल्या. अवजारं चाचांना परत केली. खोली भाड्यानं दिलीय, पुढच्या आठवड्यात ब्यूटी पार्लर येतंय. मी सुप्याला लागलो, पॅकिंगला. वडील खूश हायेत.”

“पण का?”

त्याने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

“तुमाला तर ठाऊकच हाय. डोळा गेला. तुमी सांगायचा, डावीकडची कमान, कड मऊ हाय... मला काईच दिसायचं न्हाई. लेन्स उघडायचो, बसवायचो, परत उघडायचो. डॉक्टर म्हनले नंबर न्हाई. पन चाचांनाबी आधी तेच म्हनले हुते. कामाला आधी कळतं, डॉक्टरला मागनं.” त्याने एक रिकामा डबा बाजूला सारला. “बरं झालं तुमी हुता. बाकीचे संकोचानं बोलत न्हाईत, तशीच लेन्स नेतात. तुमी दर वेळी खरं सांगितलं. म्हनून वेळेत थांबलो. लोकांचं नुकसान झालं न्हाई.”

राजनंदिनीने एवढ्या वेळा रंगवलेलं सगळं जिथल्या तिथे विरून गेलं आणि तिच्यापुढे फक्त रिकामं कपाट राहिलं. त्या क्षणी ती गप्प राहू शकली असती. त्याच्या लेखी ती जगातली सगळ्यात खरी बाई होती. तशीच राहून, वाईट वाटल्याचं बोलून, ती घरी जाऊ शकली असती. तसा विचार तिच्या मनात आलाही, आणि आला याची तिला फार लाज वाटली.

“गोरक्ष,” ती म्हणाली, “लेन्स चांगली होती.”

“कंची?”

“माझी. चकती घासून दिली ना तुम्ही, त्या दिवसापासून ती चांगलीच होती. नंतरच्या सगळ्या तक्रारी... मी फोटो मुद्दाम बिघडवून काढायचे. मला इथे यायचं असायचं. वाटायचं, तुम्हाला कळतंय. वाटायचं, तुम्हीही...”

गोरक्षने हात पुढे केला, आणि तिने पिशवीतून ती लेन्स लावलेला कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला. तो एकटाच जिना चढून गेला. ती खाली बसून राहिली. पागोळ्या थेंब थेंब गळत होत्या.

तो उतरून आला तेव्हा त्याचा चेहरा एकदम मोठ्या माणसाचा दिसत होता.

“सुट्या दिसतात,” तो म्हणाला. “कमानी.”

“म्हणजे तुमचा डोळा चांगला आहे. व्यापाऱ्याला फोन करा, मी बोलते त्याच्याशी. अवजारं चाचांकडेच आहेत. खोलीचं आत्या तुमच्या वडिलांशी बोलेल...”

“नंदिनी.”

त्याने आजवर तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या हाकेसाठी तिने काय काय केलं होतं, आणि ती आली ती अशी.

“आवो, तवाबी सुट्याच दिसायच्या,” तो म्हणाला. “दर वेळी. स्वच्छ दिसायचं मला. पन तुमी म्हनायचा न्हाई, की वाटायचं, आपलंच चुकत आसंल. माझ्या डोळ्यापरीस तुमच्यावर भरवसा जास्त हुता.” तो कॅमेऱ्याचा पट्टा नीट गुंडाळू लागला. “डोळा गेला आसता तर नाइलाज हुता. हितं डोळा हुता, आनि मीच त्याचं ऐकलं न्हाई. आसा मानूस कारागीर कसला?”

“चूक माझी आहे.”

“हाय की. पन माझीबी हाय.”

मग तिने शेवटचं होतं तेही सांगून टाकलं. सजवून नाही, लाजून नाही. सरळ म्हणाली, “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. हे खरं आहे.”

गोरक्षचे कान लाल झाले होते, त्या पहिल्या दिवसासारखेच. एक क्षण तिला वाटलं, सगळं सावरेल. मग त्याने कॅमेरा तिच्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी, जपून.

“लेन्स आसती तर गच्चीवर निऊन तपासली आसती,” तो हळूच म्हणाला. “हे कुठं निऊन तपासू?”

तिने काही सांगितलं असतं तरी त्याने ते कशाच्या जोरावर खरं मानायचं, हे तिला कळत होतं. ती उठली. दारात तिने वळून बघितलं, तेव्हा तो पुन्हा खाली बसून डबे गुंडाळायला लागला होता.

नंतर ती चाचांकडे जाऊन आली. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ओरडावं अशी तिची फार इच्छा होती. चाचा ओरडले नाहीत. “नियम माझाच होता, बेटी,” ते म्हणाले. “त्यात गिऱ्हाईक खरं बोलतंय असं धरलेलं होतं. अवजारं मी तेल लावून ठेवलीत. त्याला म्हटलंय, हात शिवशिवला तर ये.” तो आला का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

थंडी पडली. साखरपुडे सुरू झाले. राजनंदिनीचे फोटो आता तालुक्याबाहेरही जाऊ लागले होते, आणि लोक म्हणायचे, तुझ्या फोटोत काहीतरी वेगळं आहे. ती म्हणायची, लेन्स चांगली आहे. तिच्यात काही दोष नाही. विचारलेलं नसताना म्हणायची.

एकदा सुप्यात एका बारशाची ऑर्डर होती. कार्यक्रम उरकून ती हायवेच्या कडेला परतीच्या एसटीची वाट बघत उभी राहिली. ऊन उतरलं होतं. पलीकडच्या बाजूला कंपनीच्या बस ओळीने लागल्या होत्या, आणि पाळी सुटलेली माणसं रांगेत चढत होती. सगळ्यांचे शर्ट एकाच निळ्या रंगाचे. तिने कॅमेरा कधी काढला ते तिला कळलं नाही. रिंग हळूहळू फिरवत ती एकेका चेहऱ्यावरून पुढे गेली. धुक्यातून एक चेहरा वर यायचा, परका निघायचा, विरघळायचा. पुढचा.

आणि मग तो आला. रांगेत, डबा काखेत धरून. मिशी ठेवली होती. तिने रिंग किंचित हलवली आणि त्याच्या पापणीचा केस न् केस वेगळा झाला.

मावळतीचं ऊन लेन्सच्या काचेवर चमकलं असणार, कारण त्याने मान वळवली. मधून एक टेम्पो गेला, उसाचा ट्रॅक्टर गेला. रस्ता मोकळा झाला तेव्हा तो थेट तिच्याकडे बघत होता. ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्याचा हात आपोआप वर आला, आणि दोन बोटं हवेत जराशी फिरली. थोडं डावीकडं.

सवयच ती. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण बोटं तशीच थबकली.

राजनंदिनीने कॅमेरा खाली घेतला. एवढ्या लांबून ओरडून ऐकू गेलं नसतं. तिने त्याला दिसेल अशी, सावकाश मान हलवली. नाही. काही फिरवायला नको. स्वच्छ दिसतंय.

तो बघत राहिला. मागच्या माणसाने त्याला पुढे सरकायला सांगितलं. त्याने हात खाली घेतला, एकदाच मान डोलावली, ऐकल्यासारखी, आणि बसमध्ये चढला. बस पुण्याच्या दिशेने वळली की नगरच्या, हे तिने बघितलं नाही. तिची एसटी आली होती.